बाई पंच

म्हापशाजवळच्या त्या फ्लॅटची खबर लाँड्रीवाल्याने दिली. जागा दोन खोल्यांची, भाडेकरू एकच, आणि धुवायला रोज बारा-चौदा चादरी. त्याने तिथे कुणाला काही विचारलं नाही, फोटो काढला नाही, हे फार बरं झालं. चौकशीला गेलेल्या भल्या माणसामुळे मुली रातोरात हलवल्या जातात. मजला, गाडीचे नंबर, कोण कधी येतं एवढं आठवडाभर बघून तो देहव्यापारातल्या मुलींसाठी काम करणाऱ्या आमच्या संस्थेत आला. पोलीस मदतीच्या ११२ ला फोन केला असता तरी चाललं असतं. लहान मूल असेल तर १०९८, मुलांची हेल्पलाइन. २००४ साली वास्कोजवळची बायणाची वेश्यावस्ती पाडली, तेव्हापासून हा देहविक्रीचा धंदा फ्लॅट, लॉज आणि मसाज पार्लरांत विखुरलाय. तो आधी दिसतो पाव विकणाऱ्या पोदेराला, मोटरसायकल टॅक्सीच्या पायलटला, शेजारणीला.

संध्याकाळी साडेपाचला पोलीस, दोन महिला कॉन्स्टेबल आणि पुरुष पंच, म्हणजे झडतीचा साक्षीदार, तयार होते. अडलं एका बाईवर. पिटा, म्हणजे १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, त्याच्या कलम १५ प्रमाणे झडतीला निदान दोन प्रतिष्ठित पंच लागतात आणि त्यांत एक तरी बाई लागते. ती त्याच वस्तीतली नसली तरी चालते. मी तिघींना फोन केले. एकीला कोर्टाच्या फेऱ्या नको होत्या, दुसरीच्या घरचे नाही म्हणाले, तिसरीने उचललाच नाही. उशीर झाला की खबर फुटते. शेवटी एका निवृत्त शिक्षिकेला विचारलं. "गाडी पाठव गो, मी चप्पल घालते," एवढंच त्या म्हणाल्या.

आत पाच मुली होत्या. जिन्यात शेजाऱ्यांनी मोबाइल वर धरले, तेव्हा बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे, आणि एकदा फिरलेला व्हिडिओ तिच्या गावी पोचतोच. झडतीचं कायदेशीर चित्रीकरण वेगळं, ते पोलिसांनीच करायचं.

पंचनाम्यावर सही करण्याआधी बाईंनी तो ओळ न् ओळ वाचला. कागदावर मोबाइल तीन, टेबलावर चार. "आधी हे दुरुस्त करा," म्हणाल्या, आणि खाडाखोडीशेजारी सही केली. मला ते क्षण फार मोलाचे वाटतात. न वाचता केलेली सही आणि प्रत्येक छाप्याला तेच ठरलेले पंच, या दोन गोष्टींवर बचावाचा वकील हमखास बोट ठेवतो आणि दलाल सुटतो.

एक मुलगी वय वीस सांगत होती. हे त्यांना पढवलेलंच असतं. शंका असेल तर अल्पवयीन धरून चालायचं. आधी शाळेचा दाखला, नसेल तर जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. तिला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे नेलं. बाकी चौघी दंडाधिकाऱ्यांकडून मेरशीच्या संरक्षणगृहात गेल्या. पुढे दाखला आला तेव्हा वय सतरा निघालं.

लाँड्रीवाल्याचं नाव कुठल्याच कागदावर आलं नाही. खबर कुणी दिली हे सांगायला कोर्टही पोलिसांना भाग पाडू शकत नाही.

त्या रात्री घरी सोडल्यावर बाईंनी वहीत तारीख, वेळ, खोल्या, मोबाइल सगळं लिहून ठेवलं. बऱ्याच महिन्यांनी पणजीच्या बाल न्यायालयाचं समन्स आलं, तेव्हा ती वही पिशवीत टाकून त्या सकाळच्या बसने निघाल्या.