पूर्ण सामना न बघता फुटबॉल कळतो का?

"इंग्लंडच्या प्रीमियर लीगपासून इटलीच्या 'सेरी आ'पर्यंत सगळ्यावर बोलता, पण पूर्ण सामने तर क्वचितच बघता. नुसत्या हायलाइट्सवर फुटबॉल कळतो तरी का?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदा सविस्तर उत्तर द्यायलाच हवं.

कळतो. आधी साधा हिशोब बघा. इंग्लंड, स्पेन आणि इटलीच्या अव्वल लीगमध्ये प्रत्येकी २० संघ, जर्मनी आणि फ्रान्समध्ये १८. पाचही लीगची पूर्ण फेरी झाली की ४८ सामने होतात, म्हणजे नव्वद मिनिटांच्या हिशोबाने ७२ तास. शनिवार-रविवारचे मिळून तास ४८च. त्यामुळे पूर्ण सामने बघणारा माणूस शेवटी एका क्लबचा होतो, फार तर दोन. त्यात गैर काहीच नाही. पण मला अख्ख्या लीगची ओढ आहे. तळाशी कोण गटांगळ्या खातंय, प्रशिक्षक बदलल्यावर कुणाचा खेळ पालटला, कालपर्यंत राखीव बाकावर बसलेला कोणता पोरगा आज पहिल्या अकरात आहे, हे सगळं मला हवं असतं.

लेस्टर सिटीचंच घ्या. २०१५-१६ मध्ये हा क्लब प्रीमियर लीगचा विजेता झाला तेव्हा सगळ्यांनी तो चमत्कार मानला, आणि होताच तो. पण आदल्या मोसमात हाच संघ कित्येक महिने तळाला होता आणि शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकून खालच्या विभागात घसरण्यापासून वाचला होता. तळाच्या संघाचा सामना मुद्दाम नव्वद मिनिटं कोण बघत बसणार? दर आठवड्याला सगळ्या सामन्यांचे तुकडे बघणाऱ्याला मात्र ते सात विजय दिसले. पुढे विजेतेपदाचे नायक ठरलेले आघाडीचे खेळाडू वार्डी आणि माहरेझ तेव्हाही संघात होते. पुढच्या मोसमात वार्डीने सलग ११ सामन्यांत गोल केले, तेव्हा बचावफळीच्या पाठीमागे घुसणारी त्याची ती धाव आमच्या ओळखीची होती.

आता जे कळत नाही त्याबद्दल. त्याच विजेत्या संघाच्या मधल्या फळीत एन्गोलो कान्टे होता. अख्ख्या मोसमात लीगमध्ये त्याचा गोल एकच. वार्डीच्या गोलाची चित्रफीत बहुतेकदा त्याच्याकडे गेलेल्या लांब पासपासून सुरू होते. कान्टेने प्रतिस्पर्ध्याच्या पायातून चेंडू काढून घेतलेला असतो तो त्याच्या पाच सेकंद आधी, आणि ती पाच सेकंदं संकलकाने कापलेली असतात. गोल अडवणाऱ्याला हायलाइट्समध्ये जागा मिळते, पण गोलाची संधीच निर्माण होऊ न देणाऱ्याला मिळत नाही. ही या प्रकाराची सगळ्यात मोठी उणीव आहे आणि ती मला मनापासून खटकते.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे २८ एप्रिल २०१० ची, बार्सिलोनाच्या कॅम्प नो मैदानावरची रात्र, बार्सिलोना विरुद्ध इंटर मिलान, युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी. पहिली लढत इंटरने ३-१ जिंकली होती. परतीच्या लढतीत २८व्या मिनिटाला थिआगो मोत्ताला लाल कार्ड मिळालं आणि तासाभराहून अधिक वेळ इंटर दहा जणांनिशी खेळला. हायलाइट्समध्ये काय येतं? लाल कार्ड, मेस्सीचा फटका अडवणारा इंटरचा गोलरक्षक जुलिओ सेझार, ८४व्या मिनिटाचा बार्सिलोनाच्या पिकेचा गोल, त्यांच्याच बोयानचा नाकारलेला गोल. बघणाऱ्याला वाटतं, बार्सिलोना १-० जिंकली, दोन्ही लढतींची बेरीज ३-२ झाली म्हणून थोडक्यात हुकली. पण तो सामना त्या चार प्रसंगांच्या मधल्या काळात खेळला गेला. इंटरचा सॅम्युएल इटोसारखा जगातला अव्वल आघाडीपटू स्वतःच्या गोलपाशी बचावपटूचं काम करत राहिला, बार्सिलोना पास देत राहिली आणि आत शिरायला वाट सापडत नव्हती. असे सामने पूर्णच बघावेत.

म्हणून हायलाइट्स बघायचीही एक रीत आहे. निकाल आधी कळू द्यायचा नाही, ही पहिली अट. मग चेंडूवरून नजर काढायची. चित्रफीत कुठून सुरू झाली ते बघायचं, चेंडू कुणी मिळवला ते शोधायचं. गोल पहिल्यांदा दाखवतात तेव्हा तो नुसता अनुभवावा. पुनर्दर्शनात, विशेषतः गोलच्या मागच्या कॅमेऱ्यातून दाखवतात तेव्हा, चेंडू नसलेले खेळाडू बघावेत. कुणी खोटी धाव घेऊन बचावपटूला ओढून नेलं, कोण आपल्या माणसाला सोडून भलतीकडेच बघत उभा राहिला, ते तिथे स्पष्ट दिसतं. थेट प्रक्षेपणात ही सवड क्वचितच मिळते.

आणि हायलाइट्स म्हणजे काहीतरी दुय्यम, लांबच्या प्रेक्षकांसाठीची सोय, असं समजू नका. बीबीसीचा 'मॅच ऑफ द डे' हा हायलाइट्सचा कार्यक्रम २२ ऑगस्ट १९६४ ला सुरू झाला. पहिला सामना लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड मैदानावरचा, लिव्हरपूलने आर्सेनलला ३-२ हरवलं. खुद्द ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी २.४५ ते ५.१५ या वेळात फुटबॉलचं थेट प्रक्षेपण होत नाही, कारण खालच्या विभागांतल्या क्लबांची मैदानं ओस पडू नयेत. म्हणजे शनिवारी तीनला सुरू होणारा सामना मैदानावर न गेलेला इंग्रज चाहताही टीव्हीवर रात्री हायलाइट्समध्येच बघतो.

मात्र मी कार्यक्रमाबद्दल बोलतेय, दोन मिनिटांच्या सुट्या क्लिपबद्दल नाही. क्लिपमध्ये गोल असतो, पण त्या गोलाने गुणतालिकेत काय उलथापालथ झाली ते सांगायला कुणी नसतं. ब्रिटनच्या चॅनल फोरवर १९९२ पासून 'गॅझेटा फुटबॉल इटालिया' हा इटालियन फुटबॉलचा कार्यक्रम लागायचा. सूत्रधार जेम्स रिचर्डसन इटलीतल्या कॅफेत बसून तिथली क्रीडा दैनिकं उघडायचा, मथळ्यांमागची भानगड समजावून सांगायचा. त्यानंतर गोल दिसले की कोणत्या प्रशिक्षकाची खुर्ची डगमगतेय, कोणता खेळाडू संघमालकावर रुसलाय, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असायचं. असा जाणता सूत्रधार असेल तर मला आठवड्याला तासभर पुरतो. चॅम्पियन्स लीगच्या बाद फेऱ्यांना मात्र मी पूर्ण नव्वद मिनिटं बसते, आणि सामना लांबला तर एकशेवीस.