सातबारा नसलेला मुलूख

भूमी अभिलेख खात्यात मोजण्या करण्यात तीस वर्षं गेली. त्यामुळे कुठल्याही गावात पाऊल टाकलं की नजर आधी हद्दीचे दगड शोधते. कॅनडाच्या उत्तर टोकाला नुनावुट नावाचा प्रदेश आहे, तिथल्या पँगनर्टंगला (सगळे पँगच म्हणतात) उतरल्यावरही तेच झालं. दोन्ही बाजूंनी उभे कडे, मधे शिरलेली खाडी, काठावर दीड हजार वस्तीचं गाव आणि गावाच्या ऐन मधोमध विमानाची धावपट्टी. घरं खांबांवर उचललेली. आणि एकाही घराभोवती तार नाही, गडगा नाही, खुणेचा दगड नाही.

मुलाकडे ओटावाला आलो होतो. नुनावुट बघायचंच, असा हट्ट धरला. ओटावाहून इकालुइट, म्हणजे नुनावुटची राजधानी, विमानाने तीन तास. तिथून पँगला जेमतेम तासभर, पण धुकं बसलं आणि पूर्ण दिवस विमानतळावर काढावा लागला. दुसरा मार्गच नाही. नुनावुट क्षेत्रफळात महाराष्ट्राच्या सहापट, वस्त्या मात्र २५, आणि एका वस्तीतून दुसरीत जाणारा रस्ता एकही नाही. उन्हाळ्यात दोन-तीनदा जहाज येतं, एरवी सगळं विमानाने.

त्या धुक्याचे मी आभारच मानतो. शेजारच्या बाकावर एक इनुइट, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, मुलगी मांडीवर नकाशाची गुंडाळी घेऊन बसली होती. नकाशा दिसला आणि मला राहवेना. ती उत्तरेकडच्या एका छोट्या हॅम्लेटमध्ये, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीत म्हणा, जमिनीचं टेबल सांभाळते. इकालुइटला प्रशिक्षण संपवून आईला भेटायला पँगला निघाली होती. मी सेवानिवृत्त भूकरमापक आहे हे कळल्यावर तिने गुंडाळी बाकावर पसरली आणि चार कोपऱ्यांवर कॉफीचे कप ठेवले.

तिचा नकाशा म्हणजे आपला गावठाणाचा नकाशाच. प्लॉट, नंबर, रस्ते. मी सवयीने विचारलं, मालकाचं नाव कुठे लिहिता? ती म्हणाली, मालक हॅम्लेट. बाकी सगळे भाडेपट्टेदार.

मग तिने समजावून सांगितलं. इनुइट आणि कॅनडा सरकार यांच्यातल्या १९९३ च्या नुनावुट कराराच्या १४व्या कलमाने वस्तीतली जमीन त्या त्या पालिकेच्या मालकीची झाली. समुद्राच्या भरतीरेषेपासून १०० फुटांचा पट्टा तेवढा वेगळा, तो प्रदेशाच्या कमिशनरच्या, म्हणजे आपल्या राज्यपालासारख्या पदाच्या, नावे. घर बांधायचं तर कौन्सिलकडे अर्ज करायचा आणि जागा पट्ट्याने घ्यायची. घर तुमचं, खालची जमीन गावाची. पालिकेला जमीन विकायची मुभा द्यावी का, हा प्रश्न लोकांना दोनदा विचारला गेला, १९९५ मध्ये आणि पुन्हा मे २०१६ मध्ये. दोन्ही वेळा एकूण एक वस्तीने नाही म्हटलं. राजधानी इकालुइटनेसुद्धा.

"ते माझं पहिलं मत होतं," ती म्हणाली. "एकदा विकली की ती दक्षिण कॅनडातल्या पैसेवाल्याकडे जाणार. मग माझ्या पोरांनी कुठे राहायचं?"

मला गडचिरोलीतलं मेंढा-लेखा आठवलं. ग्रामदान कायद्याखाली २०१३ मध्ये त्या गावाने आपली खासगी जमीन ग्रामसभेच्या हवाली केली. बांधाच्या वीतभर तुकड्यासाठी सख्खे भाऊ कोर्टात जाताना मी नोकरीत रोज पाहिले. म्हणून अशा गावांपुढे माझे हात आपोआप जुळतात.

दुसऱ्या दिवशी पँगमध्ये तिने मला गाव दाखवलं. एका घरापाशी पाण्याचा ट्रक थांबला. ड्रायव्हरने जाडजूड नळी ओढत नेऊन भिंतीतल्या तोटीला जोडली, टाकी भरली, नळी गुंडाळून पुढच्या घराकडे. मागोमाग मैल्याचा ट्रक. जमीन बारमाही गोठलेली, तिच्यात नळ पुरणार कसे? घरासाठी खडी-रेतीचा जाड भराव घालून आधी जागा उचलावी लागते. इथे प्लॉटचे जे पैसे घेतात ते मुख्यतः या भरावाचे, रस्त्याचे. मातीला भाव लावलेला नाही, हे मला फार आवडलं.

हा खर्च स्थानिक उत्पन्नातून भागणं शक्यच नाही. स्वतः मालमत्ता कर बसवणारी पालिका एकच, इकालुइट. बाकीच्या २४ हॅम्लेटना प्रदेश सरकारचं वार्षिक अनुदान, पाणी-मैल्यासाठी वेगळी मदत, आणि प्रदेश सरकारच्या तिजोरीतला बहुतांश पैसा ओटावाहून येतो. आपल्या ग्रामपंचायतीचं जसं वित्त आयोगावर, तसंच.

पण पैसा आला तरी तो खर्ची घालायला माणूस लागतो, आणि खरी अडचण तिथे आहे. तिच्या हॅम्लेटमध्ये जमिनीचं काम जाणणारी ती एकटी. ती प्रशिक्षणाला आली की टेबल बंद. तिच्या आधी दक्षिणेतून आलेले दोघे वर्षभरात परतले आणि पट्ट्यांची अर्धी नोंद त्यांच्याबरोबर गेली. हे ऐकून माझ्या पोटात कालवलं. फेरफार चढायचा राहिला की पुढच्या पिढीचं काय होतं, ते मी जाणतो. आता तर काम वाढणार आहे. १८ जानेवारी २०२४ रोजी झालेल्या कराराप्रमाणे केंद्राच्या ताब्यातली जमीन आणि खनिजं १ एप्रिल २०२७ पासून नुनावुट सरकारकडे येणार आहेत. एवढ्या मुलखाचं दप्तर सांभाळणारी माणसं इथल्याच मुलामुलींमधून तयार व्हायला हवीत. आठवड्याच्या वर्गासाठी विमानाने बोलावणं चांगलंच, पण त्यासोबत जाणता माणूस वर्ष-दोन वर्षं त्यांच्या शेजारी बसवायला हवा. त्यावर लागेल तेवढा पैसा खर्च करावा, असं मी छातीठोकपणे म्हणेन.

संध्याकाळी खाडीकाठी त्या १०० फुटी पट्ट्यात बसलो. होड्या वर ओढून ठेवलेल्या, दोऱ्यांवर मासे वाळत घातलेले. तिने विचारलं, तुम्ही मोजणी कुठे शिकलात? मी म्हटलं, परीक्षा दिली होती, पण शिकलो ते आमच्या जुन्या मोजणीदारांच्या मागे साखळी वाहत. पहिलं वर्षभर त्यांनी मला फलकाला हातही लावू दिला नाही. नुसतं बघ म्हणायचे.

ती हसली. "पिलिम्मक्सार्निक," म्हणाली. बघत, करत, कुणाच्या तरी सोबतीने शिकणं. त्यांच्या सरकारने कारभाराची तत्त्वं म्हणून जे शब्द नेमले आहेत, त्यातला हा एक. मला तो उच्चारता येईना. तेव्हा नकाशाच्या कोऱ्या कडेवर तिने तो आपल्या लिपीत लिहिला, शेजारी मी देवनागरीत, आणि ती म्हणाली, "आता साखळीने कोपरा कसा काढायचा, ते दाखवा." होडीतला दोर सोडून आणला आणि आम्ही वाळूवर तीन, चार, पाचचा काटकोन घालायला बसलो.