दोन सिनोडोंटिस आणि पाइपाचे तुकडे

शनिवार, रात्री

नवे सिनोडोंटिस, म्हणजे मिशांचे कॅटफिश मासे, क्वारंटाइनच्या टाकीत सोडले. दोघंही बोटाएवढे, तपकिरी अंगावर गडद ठिपके. मोठे झाले की पाठीवरचा पर उंच वाढतो आणि त्याला लांब दोरे सुटतात, तो थाट अजून दूर आहे. मूळचे आफ्रिकेतले, नायजर, व्होल्टा, चाड आणि पांढऱ्या नाईलच्या खोऱ्यांतले. पिशवीतून डब्यात घेताना दोघांतला मोठा चक्क कुरकुरला. छातीच्या पराचा काटा सांध्यात घासून हे मासे आवाज काढतात. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "कोण रडतंय?"

जाळी मी या माशांना लावत नाही. घाबरले की काटे ताठ करून अडकवून ठेवतात आणि जाळीच्या विणीत असे गुंततात की सोडवताना माशाचंही वाटोळं आणि आपल्या बोटाचंही. प्लास्टिकचा डबा बरा.

सोमवार

लहान्याच्या शेपटीवर आणि परांवर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके. मोठ्याच्या अंगावर एकही नाही. पाणी तपासलं: अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. दुकानदाराला फोन केला तर त्याने हिरव्या औषधाचं नाव सांगितलं आणि बाटलीवर लिहिलंय तेवढं टाका म्हणाला. सिनोडोंटिसला खवले नसतात. मॅलॅकाइट ग्रीन, फॉर्मॅलिन, तांबं असलेली औषधं, सगळंच त्यांना झोंबतं. अर्धा डोस टाकला, औषध शोषून घेणारा फिल्टरमधला कोळसा काढला, हवेचे बुडबुडे सोडणारा दगड जोरात लावला. हीटर दिवसाला एक-दोन अंशांनी चढवत तिसापर्यंत न्यायचा.

गरम पाण्याने व्हाइट स्पॉट, म्हणजे या पांढऱ्या ठिपक्यांचा जंतू, मरतो असं लोक सांगतात, ते अर्धंच खरं. उष्णतेने त्या जंतूचं चक्र लवकर फिरतं, एवढाच तिसाचा फायदा. कातडीखाली बसलेल्या जंतूला औषध लागत नाही. तो गळून तळाला चिकटतो, तिथे त्याची शेकडो पिल्लं होतात, आणि ती नवा मासा शोधत पोहायला लागली की तेवढ्या वेळातच औषध त्यांना गाठतं. ठिपके गेले म्हणून औषध थांबवणारे म्हणूनच पुन्हा फसतात.

मंगळवार, पहाटे

झोप मोडली म्हणून मोबाईलचा उजेड लांबून टाकून पाहिलं. मोठा लहान्याच्या मागे लागला होता. चावत कमी होता, पण टाकीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेटत होता, थांबू देत नव्हता. टाकीत लपायला एकच जागा, ती मोठ्याने घेतलेली. लहाना हीटरमागे उभा, पाठीचा पर टोकाला फाटलेला. दिवसा दोघंही इतके शांत असतात की यातलं काही दिसत नाही, आणि मी दाणे टाकायचो तेही दिवाबत्तीच्या वेळी. ते कोण खात असणार हे उघड आहे.

म्हणजे ठिपके एकालाच का, याचं उत्तर पाण्यात नाहीच. दोघं एकाच पिशवीतून आले, एकाच पाण्यात आहेत. ज्याला झोपायला जागा नाही आणि खायला उरत नाही, त्याची ताकद आधी गेली, जंतूने नंतर गाठलं. मासेवाल्या मित्रांना विचारलं तर सगळे औषधाचीच नावं सांगतात. आजारी मासा रात्री कुठे असतो, हे एकानेही विचारलं नाही.

क्वारंटाइनची टाकी रिकामी ठेवा हा सल्ला बरोबर आहे, वाळू नसली की तळ रोज नळीने ओढून साफ करता येतो. पण दिवसभर बिळात बसणाऱ्या माशाला रिकामी टाकी म्हणजे भर चौकात अंथरूण. दुपारी हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसी पाइपाचे तुकडे कापून आणले. ते औषध शोषत नाहीत, धुता येतात. माशांपेक्षा तुकडे जास्त ठेवले, तोंडं वेगवेगळ्या दिशांना, एकातून दुसरा दिसणार नाही अशी. मोठ्याला डब्यात काढून बादलीत ठेवलं, हवेचा दगड लावून, सगळी मांडणी बदलली आणि त्याला रात्री उशिरा, लहान्याने जागा धरल्यावर, परत सोडलं.

आईचं मत: "मोठ्याला परत कशाला आणायचं मग?" तिचा प्रश्न अगदीच चूक नाही. पण ठिपके दिसत नसले तरी त्याच पाण्यातून आलेल्या त्यालाही औषध पुरं करायचं आहे.

शुक्रवार

ठिपके कमी. दाणे आता दिवा घालवल्यावर दोन टोकांना टाकतो. मोठा अधूनमधून पाइपाच्या तोंडाशी जाऊन धाक दाखवतो, आत शिरत नाही. लहाना आतून कुरकुरतो. भांडण मिटलेलं नाही, त्याला आता दारं आहेत इतकंच. पराची फाटलेली कड पांढुरकी पडलेली नाही, बुरशीही नाही, तेव्हा दुसरं औषध नको.

हे दोघं वाढून वीस सेंटिमीटरच्या पुढे जातील तेव्हा माझ्या तीन फुटी टाकीत एकच राहू शकेल. कोणता द्यायचा हे ठरवलंय: मोठा. ठाण्याच्या मित्राकडे पाच फुटी टाकी आहे, दगडांच्या कपारी भरपूर, आणि तिथे त्याच्याहून दांडगे मासे आहेत. ठिपके पूर्ण गेल्यावरही काही दिवस औषध चालू ठेवून मगच त्याला पाठवीन. तोवर हीटर तिसावरच.