पत्र्याच्या घरातली आपत्कालीन पिशवी

पहिली पिशवी मी भरली आणि माळ्यावर ठेवली. चूक तिथंच झाली. एका उन्हाळ्यात पत्र्याखाली मेणबत्त्या वाकल्या, शेंगदाणे खवट झाले, आणि टॉर्चमध्ये तसेच राहिलेले सेल पाझरून स्प्रिंग गंजली.

आता पिशवी दाराजवळच्या खुंटीला, खांद्याएवढ्या उंचीवर असते. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास झाला. अंधारात माळ्यावर कोण चढणार? आणि सप्टेंबर २०२५ च्या पुरासारखं पाणी घरात शिरलं तर जमिनीवरची पिशवी आधी भिजते.

सगळ्यात अडचणीचं सामान म्हणजे पाणी. माणशी दिवसाला ३ लिटर धरलं तर चौघांना तीन दिवसांचं ३६ लिटर होतं, म्हणजे ३६ किलो. एवढं उचलून पळता येत नाही. म्हणून ५ लिटरचे दोन कॅन पिशवीजवळ, बाकीचं घरातल्या कॅनमध्ये. फवारणीच्या औषधाचा कॅन कितीही धुतला तरी पिण्याच्या पाण्याला वापरायचा नाही. खाद्यतेलाचा चालतो, गरम पाणी आणि सोड्यानं दोनदा धुवून. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, पण जंतू मरत नाहीत. वरचं निवळ पाणी वेगळं काढून खळखळून उकळायचं, नाहीतर क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबायचं. एक गोळी किती लिटरला, ते पाकिटावर वाचूनच.

खायला शिजवावं लागणार नाही असंच: ज्वारीच्या कडक भाकरी, फुटाणे, गूळ, खजूर. भाकरी हवाबंद डब्यात, पावसाळ्यात ती लगेच सर्द होते. जलसंजीवनीच्या ६ पुड्या. अख्खी पुडी, तिच्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात; मोठी पुडी एक लिटरला. पेल्यात अर्धी पुडी अंदाजानं टाकली की मिठाचं प्रमाण बिघडतं. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

टॉर्च, सेल वेगळ्या पिशवीत. शिट्टी, कारण ढिगाऱ्याखाली ओरडून घसा लवकर बसतो. १५ मीटर नायलॉन दोरी, छोटी ताडपत्री, पट्टी-कापूस, घरातल्यांची रोजची औषधं आठवडाभराची. मेणबत्त्या काढून टाकल्या. भूकंपानंतर सिलिंडर गळत असेल तर काडी ओढणं म्हणजे स्फोटाला बोलावणं. आधार, सातबारा, पासबुकाच्या झेरॉक्स दुहेरी प्लास्टिकमध्ये. नातेवाइकांचे नंबर आणि ११२, १०८ कागदावर, मोबाइल बंद पडला तर उपयोगी.

दोरी, डबे, कपडे घरातलेच घेतले, त्यामुळे विकत आणायला फारसं काही उरलं नाही. पॉवर बँक मात्र स्वस्तातली घेऊ नये, तिचा चार्ज पडून पडून उतरतो.

पाडव्याला आणि पोळ्याला पिशवी पूर्ण रिकामी करतो. भाकरी, फुटाणे घरात खाऊन संपवायचे, नवे भरायचे. कॅनमधलं पाणी मात्र दर महिन्याला झाडांना.