आठ जणांचं फ्लॉरेन्स: आमची वाटचाल

मोठ्या बसने येणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला फ्लॉरेन्सची एक दुपार येते. कॅथेड्रलसमोर फोटो, मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा पाहायला रांग, चामड्याच्या पर्सची खरेदी, की चला बसमध्ये. याची मला फार रुखरुख वाटायची. मी मूळची पुण्याची, लग्नानंतर इथे आले. माझी भागीदार इथेच वाढलेली. इटलीत परवान्याशिवाय गाइडचं काम करता येत नाही. तो तिच्याकडे होता. ती इटालियनमध्ये सांगणार, मी मराठीत, एवढ्या भांडवलावर आम्ही आठ-आठ जणांच्या गटांना फ्लॉरेन्स दाखवायला सुरुवात केली.

पहिले पाहुणे ओळखीतलेच. कुणी मुलाकडे जर्मनीला आलेले आई-वडील, कुणी लंडनहून चार दिवसांची रजा काढून आलेलं जोडपं. पुढे एकाने दुसऱ्याला सांगत काम वाढलं.

गट आठाचाच का, हे सगळे विचारतात. उत्तर सान मार्कोच्या मठात मिळतं. जिना चढताना समोरच्या भिंतीवर फ्रा अँजेलिको या साधू-चित्रकाराचं देवदूत आणि मेरीचं चित्र हळूहळू वर येतं. देवदूताच्या पंखांच्या रंगात चमकणारे कण मिसळलेले आहेत. उजेड नीट पडला आणि आपण जरा बाजूला सरकलो, की ते लुकलुकतात. पुढे साधूंच्या खोल्या, प्रत्येकीत एक भित्तिचित्र. दारात दोघं-तिघंच मावतात. चाळीस जणांना हे दाखवायचं कसं?

मार्च २०२० मध्ये अख्खी इटली बंद झाली, आमचं कामही. तेव्हा आम्ही संध्याकाळी मराठी मंडळींशी ऑनलाइन गप्पा सुरू केल्या. वास्तुकार ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात कॅथेड्रलचा एवढा मोठा घुमट जमिनीपासून लाकडी सांगाडा न उभारता कसा चढवला, यावर तर प्रश्न संपेनात. विटा माशाच्या काट्यासारख्या तिरक्या गुंफल्यामुळे चुना ओला असतानाही रांग घसरत नसे, हे कागदावर रेखाटून दाखवलं होतं. सगळं पुन्हा उघडल्यावर त्यांच्यातलेच कितीतरी जण घुमटाच्या ४६३ पायऱ्या चढायला आले. गुडघे कुरकुरत असतील तर आम्ही खालूनच सगळं समजावतो, त्यात काही कमी पडू देत नाही.

जेवणाची काळजी नको. शिळा पाव, पालेभाजी आणि पांढऱ्या बीन्सचं दाट रिबोलिता शाकाहारी मंडळींना मनापासून आवडतं. इथला पाव मात्र अळणी, ते आधीच सांगून ठेवतो.

आमच्या सहलीत कशीने उद्यान असतंच. कोल्हापूरचे छत्रपती दुसरे राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले, वय जेमतेम विशीचं. याच उद्यानाच्या टोकाला, आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर, त्यांच्यावर हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. १८७४ मध्ये तिथे छत्री आणि त्यांचा रंगीत अर्धपुतळा उभा राहिला. शेजारच्या पुलालाही त्यांच्यावरूनच ‘इंडियानो’ (म्हणजे भारतीय) नाव पडलं. मराठी माणसाने फ्लॉरेन्सला येऊन इथे न जाता परतावं, हे मला पटत नाही. शहराच्या मध्यापासून हे लांब आहे, अर्धा दिवस जातो. तो आम्ही आनंदाने देतो.

आता मोठ्या कंपन्यांकडूनही विचारणा होते. गट फोडायची तयारी असेल तर आम्ही हो म्हणतो, नाहीतर स्पष्ट नकार देतो. येत्या हिवाळ्यापासून आर्नोपलीकडच्या कारागिरांच्या कार्यशाळांची वेगळी सहल सुरू करतोय, आणि तिथल्या खोल्या पाहता गट सहाचाच ठेवणार आहोत.