वर्षाचे ९३७ तास

नाशिककरांना बर्फ ठाऊक असतो तो उसाच्या रसाच्या गाडीवर गोणपाटात गुंडाळून ठेवलेल्या लादीच्या रूपात. निफाडकडे पारा फार उतरला की द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या पेटतात, त्यापलीकडे आपल्या थंडीची मजल जात नाही. अशा गावात आयुष्यभर क्रीडाशिक्षक म्हणून काम केलेल्या आणि मुलींना लांब पल्ल्याचे धावणे शिकवणाऱ्या माणसाने नॉर्वेच्या स्कीपटूवर लिहावे, याचे घरातही हसू झाले. तरीही लिहितो आहे, कारण माझ्या सराव-वहीत गेल्या काही वर्षांत जी खाडाखोड झाली, तिला ही बाई जबाबदार आहे.

२५ फेब्रुवारी २०१८ हा प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकचा शेवटचा दिवस होता. रविवार असल्याने मी टीव्हीसमोर होतो आणि महिलांची तीस किलोमीटरची क्रॉस-कंट्री शर्यत योगायोगानेच समोर आली. मारित ब्योर्गेन नावाची सदतीस वर्षांची स्त्री शर्यतीचा बराच मोठा भाग एकटीच पुढे होती. तिने १ तास २२ मिनिटे १७ सेकंदांत अंतर संपवले, तेव्हा दुसऱ्या क्रमांकावरची फिनलंडची क्रिस्ता पार्माकोस्की पावणेदोन मिनिटांहून अधिक मागे होती. ऑलिंपिकमधले ब्योर्गेनचे ते पंधरावे पदक होते: आठ सुवर्ण, चार रौप्य आणि तीन कांस्य. तोवर हिवाळी ऑलिंपिकमध्ये इतकी पदके कोणत्याही स्त्रीने वा पुरुषाने मिळवलेली नव्हती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिने निवृत्ती जाहीर केली.

हा खेळ उतारावरून घसरण्याचा नव्हे, हे आधी सांगितले पाहिजे. पायात लांब, अरुंद स्की असतात, टाच मोकळी असते, हातात दोन काठ्या असतात, आणि मार्गाचा साधारण एक तृतीयांश भाग चढाचा असतो, जो स्वतःच्या दमावर चढावा लागतो. पारंपरिक शैलीत दोन समांतर खाचांतून चालल्यासारखे सरकायचे असते. मुक्त शैलीत स्की तिरप्या रेटत स्केटिंगसारखे जायचे असते. पारंपरिक शैलीत स्कीच्या मधल्या भागाला जे मेण लावतात त्याची गंमत अशी, की पायाचा भार पडला की त्याने बर्फ पकडायचा आणि भार उचलला की सोडून द्यायचा. त्या दिवशीच्या बर्फाला मेण जुळले नाही, तर जगातला सर्वोत्तम खेळाडूही जागीच पाय घासत राहतो. आमच्याकडे फार तर बुटाचा तळ निघतो.

ब्योर्गेनचा जन्म २१ मार्च १९८० चा. ट्रोंडहाइमच्या दक्षिणेकडील रोग्नेस या लहानशा गावात ती वाढली. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये रिलेचे रौप्य, त्याच वर्षी ड्युसेलडॉर्फमध्ये विश्वचषक मालिकेतला पहिला विजय, २००३ मध्ये स्प्रिंटचे, म्हणजे कमी अंतराच्या शर्यतीचे, जागतिक विजेतेपद, २००५ च्या जागतिक स्पर्धेत तीन सुवर्णपदके, २००५ आणि २००६ असे लागोपाठ दोन वर्षे विश्वचषकाचे सर्वसाधारण, म्हणजे हंगामभराच्या गुणांवर मिळणारे, विजेतेपद. इथपर्यंतची चढण सरळ आहे. पंचविशीतल्या गुणी खेळाडूची कहाणी बहुतेक वेळा अशीच असते, म्हणून त्यावर मी रेंगाळत नाही.

माझे लक्ष वेधले ते पुढच्या वर्षांनी. २००६ च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये तिच्या हाती एकच रौप्यपदक आले. २००७ च्या जागतिक स्पर्धेत सुवर्ण नाही, २००९ मध्ये तर कोणतेच पदक नाही. आपल्याकडे तिशीला टेकलेल्या आणि तीन-चार वर्षे मागे पडलेल्या मुलीला नोकरी सांभाळण्याचा, लग्न झाले नसेल तर ते उरकून घेण्याचा सल्ला मैदानावरचा पाणीवालाही देतो. ब्योर्गेनने पहिले ऑलिंपिक सुवर्ण जिंकले ते फेब्रुवारी २०१० मध्ये व्हँकुव्हरला, तिसाव्या वाढदिवसाला जेमतेम महिना उरला असताना. त्या स्पर्धेत तिने तीन सुवर्णपदके मिळवली. तीस किलोमीटरचे चौथे सुवर्ण पोलंडच्या युस्तिना कोवाल्चिकने अवघ्या ०.३ सेकंदाने हिरावून घेतले. ब्योर्गेनला दम्याच्या औषधासाठी जी वैद्यकीय परवानगी होती, तिच्यावर त्याच स्पर्धेत कोवाल्चिकने जाहीर नाराजी व्यक्त केली होती. औषध नियमानुसार होते आणि ब्योर्गेनवर पुढेही कधी उत्तेजक सेवनाचा ठपका आला नाही. पण नॉर्वेच्या संघाभोवती हा वाद बरीच वर्षे घोंघावत राहिला, आणि तो गाळून तिची कारकीर्द सांगणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

जागतिक स्पर्धांतील तिच्या अठरा सुवर्णपदकांपैकी चौदा तिशीनंतरची आहेत. २०११ मध्ये ओस्लोला चार, २०१३ मध्ये चार, २०१५ मध्ये दोन आणि २०१७ मध्ये लाहतीला पुन्हा चार. हा हिशेब मी प्रथम कागदावर मांडला, तेव्हा आपलीच बेरीज चुकली असावी असे वाटून पुन्हा करून पाहिला.

याचे उत्तर मला तिच्या सरावाच्या नोंदींत मिळाले. नॉर्वेच्या संशोधकांनी तिच्या अनेक वर्षांच्या सराव-नोंदींचा अभ्यास करून २०१७ मध्ये तो प्रसिद्ध केला. वयाच्या विसाव्या वर्षी तिचा वर्षाचा सराव ५२२ तासांचा होता, पस्तिसाव्या वर्षी तो ९४० तासांवर पोहोचला. सर्वांत यशस्वी पाच वर्षांची सरासरी ९३७ तास, म्हणजे आठवड्याला अठरा तास. हा आकडा मोठा आहे, पण मला अडवले ते पुढच्या आकड्याने. दमसासाच्या सरावापैकी ९२.३ टक्के वेळ तिने कमी तीव्रतेच्या, म्हणजे बोलता बोलता करता येईल अशा संथ सरावात घालवला होता. अतितीव्र सराव फक्त ४.८ टक्के. गणित केले तर तो वर्षाला चाळीसेक तास, म्हणजे आठवड्याला सरासरी पाऊण तास भरतो. उन्हाळ्यात बर्फ नसताना हीच मंडळी चाके लावलेल्या रोलर स्कीवर डांबरी रस्त्यांवरून तासन्‌तास हिंडतात आणि डोंगरवाटांनी पळतात. मधल्या काळात तिने तीव्र सराव सलग काही दिवस एकत्र बांधून घेण्याची पद्धतही वापरली होती. पुढच्या, अधिक यशस्वी वर्षांत मात्र संथ तासांचे प्रमाण वाढत गेले.

आता माझी वही. २०१० मध्ये त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्य आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य जिंकले, तेव्हा पेठ, सुरगाणा, हरसूलकडचे पालक मुलींना घेऊन नाशिकच्या मैदानांवर येऊ लागले. माझ्याकडेही पाच-सहा मुली आल्या. मी त्यांना आठवड्यातून चार दिवस घड्याळ लावून, ओकारी येईपर्यंत पळवत असे. घाम म्हणजे सराव आणि दमछाक म्हणजे प्रगती, असे माझे सरळ समीकरण होते. पहिल्या वर्षी वेळा सुधारल्या, दुसऱ्या वर्षी नडग्या दुखू लागल्या, तिसऱ्या वर्षी दोघींनी मैदान सोडले. त्यांच्यात जिद्द नाही, असा शेरा मी वहीत लिहून ठेवला होता. तो शेरा आज खोडला असला, तरी खालची अक्षरे वाचता येतात.

अभ्यास वाचल्यानंतर मी आठवड्यातून चार दिवस मुलींना गोदाकाठाने गप्पा मारत पळायला सांगितले, आणि रविवारी अंजनेरीचा चढ चालत-पळत चढवायचे ठरवले. पहिल्याच आठवड्यात सुरगाण्याच्या एका मुलीने विचारले, “सर, एवढं हळू पळून दम कसा वाढंल? आमच्या गावाला शेळ्यांमागं याच्यापेक्षा जास्त पळतो आम्ही.” मी तिला सांगितले, की तू शेळ्यांमागे जे पळत होतीस तोच तुझा पाया आहे, तो मी बिघडवू नये एवढेच आता पाहतो आहे. तिला ते पटले नाही. पालकांना तर मुळीच पटले नाही. एका वडिलांनी पोरीला फिरायला पाठवण्याची फी कशाला द्यायची, असे स्पष्ट विचारले, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच विचारले असते.

नुसता संथ सराव मोठा खेळाडू घडवतो, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. तीव्र सरावाच्या त्या पाऊण तासात ब्योर्गेन काय करत असेल, हे तिच्या काठ्यांच्या रेट्यावरून दिसते. तिच्या खांद्यांची आणि दंडांची ताकद तिच्या प्रतिस्पर्ध्यांनाही धडकी भरवणारी होती. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये आधी स्कीअॅथलॉन, म्हणजे अर्धी पारंपरिक आणि अर्धी मुक्त शैलीची शर्यत जिंकल्यावर ती स्प्रिंटच्या उपांत्य फेरीत पडली. रिलेमध्ये मेण चुकल्याने नॉर्वेचा बलाढ्य संघ पाचवा आला. तरीही पुढच्या आठवड्यात तिने सांघिक स्प्रिंट आणि तीस किलोमीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या. वर्षानुवर्षे रचलेल्या संथ तासांचा साठा अशा वेळी उपयोगी पडतो, असे मला वाटते. हे सिद्ध करता येणार नाही, पण पडून उठलेल्या मुली मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

२६ डिसेंबर २०१५ रोजी ब्योर्गेनला मुलगा झाला. चौदा महिन्यांनी लाहतीत तिने ती चार सुवर्णपदके जिंकली. गरोदरपणातल्या आणि बाळंतपणानंतरच्या तिच्या सरावावरही त्याच संशोधकांनी पुढच्या वर्षी स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. हा भाग मला फार उशिरा सापडला. माझी एक जुनी विद्यार्थिनी, जी आता पोलिसात आहे, सहा महिन्यांचे बाळ घेऊन माझ्या मखमलाबादच्या घरी आली होती आणि खात्याच्या स्पर्धेसाठी वेळापत्रक मागत होती. इतकी वर्षे मुलींना शिकवूनही बाळंतिणीने मैदानावर परत कसे यायचे, हे मला ठाऊक नव्हते, कारण त्याआधी कोणी परत आलीच नव्हती. मी तिला वर्षभर थांबायला सांगून चहा पाजून परत पाठवले. तिचा चेहरा पडलेला मला दिसला होता.

नंतर तो अभ्यास वाचला. तास टप्प्याटप्प्याने कमी करायचे, सराव हलका करायचा, आणि बाळंतपणानंतर तितक्याच सबुरीने वाढवायचे, असा त्याचा गाभा आहे. जागतिक विजेतीच्या दिमतीला डॉक्टर, प्रशिक्षक आणि स्वतः ऑलिंपिक विजेता असलेला जोडीदार फ्रेड बोर्रे लुंडबर्ग होता, आणि आमच्या पोलीस बाईंना रात्रपाळी आहे, हा फरक मी विसरलेलो नाही. मागच्या महिन्यात तिला फोन केला. आधी तुझ्या डॉक्टरांना विचार, असे बजावून कागदावर आठ आठवडे आखून दिले. पहिल्या आठवड्यात तीन दिवस, वीस-वीस मिनिटे, बाळाला आजीकडे ठेवून, बोलता येईल इतक्याच गतीने चालणे. तिने पहिला प्रश्न विचारला तो हाच, की सर, पळायचे कधी.