आकडा बरोबर, गच्ची चूक

गुरुजींना आम्ही रोजचे सरासरी 21 युनिट सांगितले होते. त्यांना वर्षभर 19.5 मिळाले. दीड युनिटासाठी माणूस किती फोन करू शकतो हे निवृत्त मुख्याध्यापकाच्या घरावर सोलर बसवल्याशिवाय कळत नाही.

21 कुठून आले होते? तर आमच्या धंद्यातल्या ठोकताळ्यातून. किलोवॅटमागे दिवसाला 4 युनिट. गुरुजींच्या गच्चीवर 540 वॅटची 10 पॅनेल, म्हणजे 5.4 किलोवॅट. चारने गुणा, खालचे पॉइंट सोडून द्या, कोटेशनवर टाका. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये आली, 3 किलोवॅट आणि त्यापुढे 78 हजार अनुदान जाहीर झालं आणि आमच्या सांगलीत गल्लोगल्ली सोलरवाले उगवले. कालपर्यंत सीसीटीव्ही लावणारा आज किलोवॅटमागे 5 युनिट लिहून देतो. त्या गर्दीत आम्ही 4 लिहितो म्हणजे सचोटीचेच, असा माझा समज होता.

तरी गच्चीवरून किती युनिट निघतील याचा हिशोब करणारं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं, ते गुरुजींमुळे नाही. तासगावला बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजचं 150 किलोवॅटचं काम दारात आलं. पार्टीला बँकेसाठी पीव्हीसिस्टचा, म्हणजे सोलरचं उत्पादन मोजणाऱ्या एका किचकट सॉफ्टवेअरचा, रिपोर्ट हवा होता, शिवाय वर्षाला किती युनिट निघतील याची लेखी हमी, कमी पडले तर भरपाई. पीव्हीसिस्ट शिकायला वेळ लागतो, तो डिझाइनच्या मुलाने काढला. पण रोजच्या घरगुती कामाला ते परवडत नाही. ग्राहक समोर बसलेला असताना दहा मिनिटांत गच्चीचं चित्र, आकडा आणि किंमत देणारं काहीतरी हवं होतं. तीन कंपन्यांचे डेमो झाले. नावं घेत नाही. लॉगिनच्या पानाच्या रंगावरून आम्ही त्यांना निळं, नारिंगी आणि हिरवं म्हणायचो, तेच इथे म्हणतो.

डेमो तिन्हींचे सारखेच. कॅलिफोर्नियातलं उतरत्या छपराचं घर, मागे पोहण्याचा तलाव, एक बटण दाबलं की झाडं आपोआप उंच होतात आणि छतावर सावलीचे रंग पसरतात. हे लायडारमुळे होतं. विमानातून लेसर मारून जमिनीची आणि घराझाडांची उंची आधीच मोजून ठेवलेली असते. विश्रामबागेतलं घर उघडून दाखवा म्हटल्यावर तिघांचाही सूर उतरला. इथे तो डेटा नाही. सॅटेलाइटचा सपाट फोटो, त्यावर उंच्या आपण हाताने भरायच्या. तोही फोटो तिरका घेतलेला असतो, त्यामुळे जिन्याची खोली असते एकीकडे आणि दिसते दोन फूट बाजूला. एका डेमोवाल्याने तर सांगितलं, "सर, उत्तरेकडचं ऑब्जेक्ट मार्क करायची गरज नसते." त्याला म्हटलं, सांगली 17 अंश अक्षांशाच्या जरा खाली आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्यसुद्धा आमच्या उत्तरेला असतो. सकाळ-संध्याकाळी तर त्याच्याही आधीपासून. तो म्हणाला, नोट करून घेतो.

मग मी ठरवलं की नव्या कामावर डेमो बघण्यात अर्थ नाही. जे काम उभं आहे, ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे, त्यावर तिन्ही चालवायची. उत्तर कुणाकडे होतं? गुरुजींकडे. इन्व्हर्टरच्या, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राच्या, ॲपवरची नोंद अर्धीच होती, कारण नातवाच्या परीक्षेच्या दिवसांत त्यांनी राउटर कपाटात ठेवला होता आणि नंतर चार महिने तो तिथेच राहिला. पण कालनिर्णयच्या प्रत्येक चौकोनात, दुधाच्या हिशोबाशेजारी, लाल पेनाने त्या दिवसाचं युनिट. एकही दिवस सुटलेला नाही. तीर्थयात्रेला गेले तेव्हाचे आठ दिवस शेजाऱ्याने लिहिलेत, निळ्या पेनाने. बेरीज 7,120.

डिझाइनचा मुलगा ऑफिसात बसून तिन्हींवर तीच गच्ची काढत होता. मी डिसेंबरातल्या एका सकाळी आठ वाजता मिरजेत गुरुजींच्या जिन्याने वर गेलो. दुपारपर्यंत त्याचे आकडे आले. निळं 7,790. हिरवं 7,420. नारिंगी 7,160.

पार्टनरचा लगेच फोन. "चाळीस युनिटांचा फरक! वर्षाला! घेऊन टाक नारिंगी."

मीही खूश झालो होतो, खोटं कशाला सांगू. पण तोपर्यंत मी गच्चीवर चार तास काढले होते आणि एक गोष्ट डोळ्यांनी बघितली होती.

गुरुजींच्या घरी पॅनेल हायराइज स्ट्रक्चरवर आहेत. आपल्याकडे गच्ची म्हणजे वाळवण, कपडे, गणपतीत जेवणावळी, ती कुणी पॅनेलखाली घालवत नाही. त्यामुळे पुढचा पाय 8 फुटांचा, मागचा साडेनऊ, खालून माणूस ताठ चालतो. आग्नेय कोपऱ्यात जिन्याची खोली, साडेआठ फूट. तिच्यावर विटांचा ओटा आणि ओट्यावर हजार लिटरची काळी टाकी. सगळं मिळून टाकीचं झाकण गच्चीपासून साडेचौदा फुटांवर, पॅनेलच्या खालच्या कडेपेक्षा साडेसहा फूट वर.

सकाळी नऊ वाजता टाकीची सावली वायव्येला पडली होती आणि पहिल्या ओळीतल्या तीन पॅनेलवर आडवी होती. गोल टाकीची सावली पॅनेलवर लांबट पडते, भोपळ्यासारखी. कडेला आधी धूसर, मग एकदम गडद. मी एका हातात इन्व्हर्टरचं ॲप उघडं धरून तिच्याकडे बघत उभा राहिलो. नऊ वाजून वीस मिनिटांनी ॲपवर दीड किलोवॅट. तेवढ्या उन्हात सव्वादोन हवे होते. पॅनेल हाफ-कट आहेत, म्हणजे अर्ध्या कापलेल्या सेलची, आत सावलीतला भाग वगळून वीज पुढे नेणारे बायपास डायोड आहेत, त्यामुळे सगळी ओळ झोपत नाही. तरी दहा पॅनेल एकाच स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेली, त्यातली तीन आजारी. सावली हळूहळू पॅनेलच्या फ्रेमवर आली, फ्रेमवरून खाली उतरली. सव्वादहाला शेवटची कड सुटली आणि ॲपवर आकडा टप्प्याटप्प्याने नाही, उडी मारून वर गेला. तीनच्या आसपास स्थिरावला. मागच्या डिसेंबरचे आलेख काढून बघितले तर रोज सकाळी त्याच वेळी तोच खड्डा. वर्षभर तो माझ्या मोबाइलमध्ये होता.

चूक सरळसरळ आमची होती. साइट सर्व्हेला पार्टनर गेला होता, त्याने टाकी बघितली आणि "ती कोपऱ्यात आहे" म्हणून सोडून दिली. स्ट्रक्चर चार फूट पश्चिमेला सरकवलं असतं तर बराचसा प्रश्न मिटला असता. टेप आमच्या गाडीत कायम असतो. काढला नाही.

तर मी ऑफिसात गेलो आणि मुलाला म्हटलं, नारिंगीने टाकी कशी पकडली ते दाखव. त्याने मॉडेल फिरवून दाखवलं. टाकी नव्हतीच. सॅटेलाइट फोटोत तो काळा गोल मुलाला जिन्याच्या खोलीची सावली वाटला होता, म्हणून तिथे काढलाच नव्हता. मग आकडा खाली आला कसा? सावलीचा नकाशा उघडला तर लाल पट्टा गच्चीच्या कडेने, चारी बाजूंना. पॅरापेट. तीन फुटांची कठड्याची भिंत. नारिंगीने पॅनेल गच्चीच्या स्लॅबवर जवळजवळ टेकलेली धरली होती आणि कठड्याची सावली त्यांच्यावर पाडली होती. जी पॅनेल 8 फुटांवर आहेत त्यांच्यावर तीन फुटांच्या भिंतीची सावली! आणि खऱ्या टाकीचा पत्ता नाही. एक सावली नव्हती ती धरली, एक होती ती सोडली, आणि बेरीज गुरुजींच्या लाल पेनापासून चाळीस युनिटांवर येऊन थांबली.

पॅनेलच्या उंचीचा खाना होता. तीन मेनू आत. तो 8 फूट केला, कठडा निष्प्रभ झाला, आकडा 7,750 वर गेला. मग मॉडेलमध्ये टाकी घातली, 7,430. म्हणजे हिरव्याच्या शेजारी. हिरव्यात मुलाने टाकी आधीच घातली होती, कारण हिरवं दर वस्तूपाशी थांबून विचारतं की हे काय आहे आणि किती उंच. त्याचा मुलाला राग यायचा, वेळ जातो म्हणून. निळ्यात सगळं नीट भरल्यावर तेही 7,400 च्या आसपास आलं. पीव्हीसिस्टवर टाकलं, तिथेही तेच. जे भरलं तेच निघतं.

हवामानाच्या डेटाचं तेवढं सांभाळावं लागतं. एका पर्यायात अक्षांश-रेखांशाच्या एका अंशाच्या चौकोनाची सरासरी होती. एक अंश म्हणजे साधारण 110 किलोमीटर. आमच्या जिल्ह्यात तेवढ्या अंतरात शिराळ्याचा पाऊसही येतो आणि जतचा दुष्काळही. तो पर्याय आम्ही बंदच केला.

आता 7,430 आणि 7,120 मधले तीनशे युनिट. त्यातले काही काजळीचे. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की चिमणीतून उसाच्या चिपाडाची काळी राख उडते आणि आसपासच्या गच्च्यांवर बसते. त्या सकाळी मी एका पॅनेलवरून फडकं फिरवलं, बादलीतलं पाणी शाईसारखं झालं. सॉफ्टवेअरमध्ये धुळीचा तोटा वर्षभर सारखाच भरलेला असतो, नोव्हेंबर ते मार्च वेगळा भरा असं सांगायला कुणी येत नाही. आणि बाकीचे लाइट जाण्याचे. ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या विजेच्या लाइनला, जोडलेला इन्व्हर्टर लाइट गेली की बंद होतो, वर कितीही ऊन असो. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ते तसंच हवं. पण दुपारी बारा ते दोन लाइट गेली तर दिवसाचा मोठा घास गेला. त्यासाठीही एक खाना असतो, टक्क्यांत भरायचा. तीनशेपैकी काजळीचे किती आणि लाइटचे किती, ते मला वेगळं करता आलं नाही.

पार्टनरशी त्या रात्री वाजलंच. त्याचं म्हणणं, "आकडा आला न्हवं बरोबर? मग आतनं काय का असंना." त्याचं अगदीच चूक नाही, हे मला टोचतं. हिरव्याने सावली खरी धरली आणि तरीही गुरुजींना वर्षाला तीनशे युनिट जास्तच सांगितले असते. नारिंगीने खोटी सावली धरली आणि गुरुजी खूश झाले असते. वर नारिंगीचं प्रपोजल सुंदर. ग्राहकाच्या घराभोवती सूर्य फिरतो, खाली झाडं किती वाचली ते येतं. लोक त्यावर सह्या करतात. टाकीची उंची किती धरली हे आजवर एकाही ग्राहकाने विचारलेलं नाही. पॅनेल कुठल्या कंपनीचं आणि एसी चालेल का, एवढंच.

मी त्याला तासगावचं शेड दाखवलं. पत्र्याचं छप्पर, कठडा नाही, टाकी नाही. तिथे नारिंगीच्या दोन चुका एकमेकींना खाणार नाहीत. त्यावर नारिंगीने 278 पॅनेल बसवून दाखवली होती, बरोबर 150 किलोवॅट. आम्ही शिडी लावून वर गेलो तर पत्र्यांच्या मधे मधे उजेडासाठी प्लास्टिकचे पारदर्शक पत्रे, धुळीने इतके राखाडी झालेले की सॅटेलाइटला ते लोखंडीच दिसतात. त्यांच्यावर पाय ठेवला तर माणूस थेट बेदाण्याच्या क्रेटवर. शिवाय फिरते व्हेंटिलेटर आणि धुवायला जाण्याची वाट. बसली 236. म्हणजे 127 किलोवॅट.

शेवटी हिरव्याचं वर्षाचं सबस्क्रिप्शन भरलं. नारिंगीचं पार्टनरने स्वतःच्या कार्डावर चालू ठेवलंय, प्रपोजलसाठी. हिरव्यातला आकडा नारिंगीच्या चित्रावर हाताने टाईप करायचा, असा आमचा तह झालाय. सर्व्हेच्या फॉर्मवर टाकीचं झाकण, कठडा आणि स्ट्रक्चर या तीन उंच्या टेपने मोजल्याशिवाय डिझाइनचा मुलगा फाइल उघडत नाही. त्याला तसा अधिकार दिलाय, पार्टनरविरुद्धसुद्धा.

गुरुजींकडे जाऊन मी टाकीचं सगळं सांगितलं. टाकी हलवून देतो म्हटलं, आमच्या खर्चाने. त्यांनी विचार केला आणि नको म्हणाले, बाथरूमला प्रेशर कमी येईल. हंगामात महिन्याला दोनदा पॅनेल धुऊन द्यायचं ठरलं. निघताना त्यांनी विचारलं, "मग आता किती सांगणार तुम्ही लोकांना?"

तासगावच्या कोटेशनात हमीचा खाना अजून रिकामा आहे. हिरव्याचा आकडा, पीव्हीसिस्टचा आकडा आणि त्यातून आठ टक्के वजा करून मी पेन्सिलीने लिहिलेला तिसरा, असे तीन कागद टेबलावर आहेत. आठच का, ते विचारलं तर माझ्याकडे गुरुजींच्या कालनिर्णयशिवाय पुरावा नाही. पार्टी उद्या अकराला येणार आहे.